किल्ल्यांच्या किल्ल्या

आपल्या मंडळाच्या कपाटाची किल्ली सलग नऊ वर्षे माझ्या पर्समध्ये होती. कपाटात होते तरी काय? दोन सतरंज्या, एक पेटी, हळदीकुंकवाच्या अत्तरदाण्या आणि इतिवृत्ताच्या वह्या. पण किल्ली माझ्याकडे, म्हणून कुणी मला विचारल्यावाचून काही करीत नसे, आणि मलाही त्याचा थोडासा अभिमान वाटे. यंदाच्या स्मरणिकेसाठी इंग्लंडच्या सहलीवर काहीतरी लिहून द्या, असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला, तेव्हा मला आधी आठवली ती ही किल्ली. त्या सहलीत मी दोन किल्ले आणि एक जुने शहर पाहिले. बुरूज, खंदक, कमानी पाहून झाल्या. पण घरी येताना मनात राहिले ते इतकेच, की या किल्ल्यांच्या किल्ल्या किती वेळा बायकांच्या हातात होत्या, आणि तरीही किल्ला किती वेळा त्यांचा नव्हता!

लंडनला मुलीकडे मुक्काम होता. तिला नोकरीमुळे वेळ नव्हता, म्हणून तिने माझे नाव एका दिवसाच्या बस-सहलीत नोंदवून टाकले. लीड्सचा किल्ला, कँटरबरी आणि डोव्हर अशी तीन ठिकाणे एका दिवसात पाहायची आणि रात्री परत यायचे. जूनचे दिवस होते. सकाळी आठला व्हिक्टोरिया बसस्थानकावरून गाडी निघाली. बसमध्ये पन्नासएक माणसे, निरनिराळ्या देशांची. मार्गदर्शक बाई साठीच्या घरातल्या, गळ्यात लाल रुमाल, हातात मिटलेली छत्री. त्यांनी पहिल्यांदाच बजावले, “सांगितलेल्या वेळी जो गाडीत नसेल, त्याने आपल्या पैशाने आगगाडीने यावे.” मला आमच्या शाळेतल्या बाईंची आठवण झाली आणि मी घड्याळ जुळवून घेतले.

लंडन मागे पडले की केंट परगणा सुरू होतो. सफरचंदांच्या आणि चेरीच्या बागा, मेंढ्यांची कुरणे, आणि मधूनच निमुळत्या टोपीसारख्या छपराच्या गोल इमारती. त्यांत पूर्वी बियरसाठी लागणारी हॉपची फुले वाळवीत असत. या भागाला इंग्लंडची बाग म्हणतात. पाहून खोटे वाटले नाही.

लीड्सचा किल्ला म्हणजे यॉर्कशरमधले लीड्स शहर नव्हे, हे आधी सांगून ठेवते, कारण मीही तीच चूक केली होती. हा किल्ला केंटमध्ये, लंडनपासून सुमारे चाळीस मैलांवर. लेन नावाच्या लहानशा नदीचे पाणी अडवून तळे केलेले आहे आणि त्यातल्या दोन बेटांवर किल्ला उभा आहे. पाण्यात काळे हंस पोहत होते. आपल्याकडचे राजगड-रायगड ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा किल्ला म्हणजे राजवाडाच वाटेल. दम लागावा अशी एकही चढण नाही. पण दगडी बांधकामाला १११९च्या सुमारास सुरुवात झाली, म्हणजे नऊशे वर्षांची ही जागा आहे.

मार्गदर्शक बाई सांगत होत्या, “हा राण्यांचा किल्ला. कमीत कमी सहा राण्यांच्या ताब्यात हा होता.” ऐकणाऱ्या बायकांनी कौतुकाने माना डोलावल्या. मीही डोलावली. मग त्या सांगू लागल्या तो इतिहास असा.

१२७८ साली पहिल्या एडवर्ड राजाची राणी, कॅस्टीलची एलेनॉर, हिने हा किल्ला घेतला. ही बाई जमीनजुमला जमवण्यात मोठी हुशार होती. ती १२९० साली वारली. राजाला इतके दुःख झाले की तिचे शव लंडनला आणताना जिथे जिथे मुक्काम पडला, तिथे तिथे त्याने एक असे बारा दगडी क्रूस उभारले. त्यांतले तीन अजून शिल्लक आहेत. लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्थानकाच्या नावातला ‘क्रॉस’ तो हाच. पुढे एडवर्डने फ्रान्सच्या मार्गारेटशी दुसरे लग्न केले आणि हा किल्ला तिला दिला. तेव्हापासून इंग्लंडच्या राणीला हा किल्ला लावून देण्याची चालच पडली. आपल्याकडे राजघराण्यातल्या स्त्रियांना चोळीबांगडीसाठी गावे लावून देत, तसा हा चोळीबांगडीचा किल्ला म्हणा ना. राजा वारला तर राणीची आबाळ होऊ नये, हा हेतू. इंग्लंडात साध्या घरांतही विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर भोगायला मिळावा असा रिवाज होता. १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा या प्रसिद्ध सनदेत विधवेसाठी मुद्दाम कलमे आहेत. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिला चाळीस दिवस त्याच्या घरात राहता यावे आणि तेवढ्यात तिचा वाटा तिला तोडून मिळावा, असे त्यात म्हटले आहे. आणि तिच्या मनाविरुद्ध तिला पुन्हा लग्न करायला लावू नये, असेही. सरदारांची आणि राजाची सनद म्हणून आपण ती शाळेत शिकलो. तिच्यात विधवांचे चाळीस दिवस आहेत, हे मात्र मला त्या बसमध्ये कळले.

आता दरवाजापाशी उभे राहून ऐकलेली गोष्ट. १३२१ साल. दुसरा एडवर्ड गादीवर होता. त्याने हा किल्ला बार्थोलोम्यू बॅडल्समिअर नावाच्या सरदाराला दिलेला होता. पुढे सरदार राजाच्या विरोधकांना जाऊन मिळाला. तो बाहेरगावी गेला असताना किल्ल्याच्या किल्ल्या त्याची बायको मार्गारेट हिच्याकडे होत्या. ऑक्टोबर महिन्यात राणी इझाबेला कँटरबरीच्या यात्रेला जाते म्हणून निघाली आणि रात्रीच्या मुक्कामासाठी या दारात आली. मार्गारेटने दार उघडले नाही. नवऱ्याचा हुकूम असल्यावाचून मी कुणालाही आत घेणार नाही, असे तिने कळवले. राणीच्या लोकांनी जबरदस्ती करून पाहिली, तेव्हा आतून बाण सुटले आणि राणीची सहा माणसे पडली.

राणीला हाकलले म्हटल्यावर राजाला निमित्तच मिळाले. त्याला ते हवेच होते आणि राणीला मुद्दाम तिकडे पाठवले होते, असे पुष्कळ इतिहासकारांचे मत आहे. राजाने वेढा घातला. मदतीला कुणी आले नाही. महिनाअखेरीस किल्ला पडला. किल्लेदाराला आणि त्याच्या काही माणसांना फाशी दिले. मार्गारेटला मुलांसकट लंडनच्या टॉवरमध्ये नेऊन ठेवले. टॉवरमध्ये कैद झालेली, नोंद असलेली ती पहिली स्त्री, असे सांगतात. तिच्या नवऱ्याला पुढल्या वर्षी कँटरबरीजवळ देहदंड झाला. ती सुटली, आणि पुढे लंडनच्या वेशीबाहेरच्या जोगिणींच्या एका मठात राहिली.

मी त्या दाराकडे बराच वेळ पाहत राहिले. एका बाईने दुसऱ्या बाईला दार उघडले नाही, एवढीच ही गोष्ट नव्हे. आत उभी असलेली नवऱ्याच्या हुकुमाने उभी होती. बाहेर उभी असलेली नवऱ्याच्या डावासाठी उभी होती. भांडण दोघा पुरुषांचे, आणि उंबऱ्यावर समोरासमोर आल्या त्या बायका. इझाबेला मात्र विसरणारी नव्हती. १३२७ साली तिने नवऱ्याला पदच्युत केले, हा किल्ला ताब्यात घेतला आणि १३५८ साली मरेपर्यंत सोडला नाही.

आत राणीची खोली म्हणून पंधराव्या शतकातली खोली सजवून ठेवली आहे. मोठा पलंग, पडदे, शेजारी न्हाणीघर. सगळ्याजणी पलंगाभोवती जमल्या होत्या. पण मला ज्या राणीचा पत्ता हवा होता ती इथे हौसेने राहायला आलेली नव्हती. तिचे नाव नव्हारची जोन. ब्रिटनीच्या ड्यूकची ही विधवा. तिने १४०३ साली इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीशी लग्न केले. १४१३ साली दुसऱ्यांदा विधवा झाली. सावत्र मुलगा पाचवा हेन्री राजा झाला. माय-लेकरांचे बरे होते. पण राजाचे फ्रान्सशी युद्ध चालू होते आणि युद्धाला पैसा लागतो. जोनला विधवा राणी म्हणून वर्षाला दहा हजार मार्कांचे उत्पन्न लावून दिलेले होते. एक मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश. त्या काळी ही रक्कम डोळ्यांत भरण्यासारखी होती.

१४१९ साली एकाएकी आरोप आला, की राणी जोन जादूटोणा करून राजाचा जीव घेऊ पाहते आहे. आरोप तिच्याच पुरोहिताच्या तोंडून आला. तिला अटक झाली. उत्पन्न सरकारजमा झाले. आणि गंमत पाहा, खटला कधीच चालला नाही! चेटकीण ठरवलेल्या बाईला चांगले कपडे, चांगले मद्य, नोकरचाकर सगळे मिळत होते. तिच्या त्या काळच्या खर्चाचे हिशेब शिल्लक आहेत. म्हणजे ती चेटकीण आहे असे आरोप करणाऱ्यांनाही वाटत नव्हते. हवे होते ते उत्पन्न. त्या कैदेतले काही दिवस तिने या लीड्सच्या किल्ल्यात काढले. राण्यांसाठी ठेवलेला किल्ला राणीसाठीच तुरुंग झाला. १४२२ साली मरणाच्या दारात असताना पाचव्या हेन्रीला पश्चात्ताप झाला आणि त्याने तिला सोडून तिचे उत्पन्न परत देण्याचा हुकूम केला. तोवर तीन वर्षे गेली होती.

ही हकीकत ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे माझी आत्या आली. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कोठीची, दागिन्यांच्या पेटीची, देवघरातल्या चांदीच्या भांड्यांच्या कपाटाची. ती चालू लागली की खळखळ आवाज येई आणि आम्ही मुले लाडवांच्या डब्यापासून दूर पळत असू. सगळ्या वाड्यात तिचा शब्द चाले. काका वारले, आणि तेराव्याच्या संध्याकाळी धाकट्या दिरांनी तिच्यापुढे हात केला. “वहिनी, आता तुम्ही दगदग करू नका. किल्ल्या इकडे द्या.” आत्याने जुडगा सोडून दिला. कुणी भांडले नाही, कुणी आवाज चढवला नाही. दगदग करू नका, हे किती मायेचे वाक्य! त्यानंतर ती वीस वर्षे माजघराशेजारच्या खोलीत राहिली. जेवायला वेळेवर मिळत होते. जोनलाही मिळत होते.

किल्ल्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगून पुढे जाते. १९२६ साली हा किल्ला ऑलिव्ह नावाच्या एका बाईने विकत घेतला. पुढे ती लेडी बेली या नावाने ओळखली जाऊ लागली. आईकडून आलेल्या अमेरिकन संपत्तीतून तिने तो घेतला आणि पदरचे पैसे घालून दुरुस्त केला. पुढे तिचा घटस्फोट झाला, नवे लग्न झाले, तेही मोडले. पण किल्ला कुणाला मागता आला नाही. कारण १८८२ सालच्या कायद्याने इंग्लंडातल्या विवाहित स्त्रीला आपली मालमत्ता आपल्या नावाने ठेवता येऊ लागली होती. १९७४ साली मरताना तिने किल्ला लोकांसाठी एका विश्वस्त संस्थेच्या हवाली केला, म्हणून आपल्यासारख्यांना तिकीट काढून आत जाता येते. सहा राण्यांना जे जमले नाही ते तिला जमले. राण्यांना किल्ला मिळाला होता. हिने तो घेतला होता.

दुपारी आम्ही कँटरबरीला पोहोचलो. इंग्लंडच्या ख्रिस्ती धर्माचे हे मुख्य क्षेत्र. इथल्या महामंदिरात २९ डिसेंबर ११७० रोजी आर्चबिशप टॉमस बेकेटचा राजाच्या चार सरदारांनी खून केला. तीन वर्षांतच त्याला संतपद मिळाले. ११७४ साली खुद्द दुसऱ्या हेन्री राजाने अनवाणी येऊन प्रायश्चित्त घेतले. पुढे साडेतीनशे वर्षे इथे यात्रा भरत असे. आपल्या वारीसारखीच, पण वारीइतकी भजनी नव्हे. वाटेत गोष्टी सांगत, खातपीत येणारी. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीने याच यात्रेकरूंवर आपले काव्य रचले. १५३८ साली आठव्या हेन्रीने बेकेटची समाधी पार उखडून टाकली. आज त्या जागी फरशीवर एक मेणबत्ती जळत असते.

त्या मेणबत्तीच्या एका अंगाला एक थडगे आहे. वर संगजिऱ्यासारख्या पांढऱ्या दगडात कोरलेले राजाराणी शेजारी शेजारी निजले आहेत. चौथा हेन्री, आणि त्याच्या बाजूला आपली जोन! मला अगदी ओळखीचे माणूस भेटल्यासारखे झाले. सकाळी जिची कैद पाहिली तिची दुपारी समाधी. ती १४३७ साली वारली. डोक्यावर मुकुट आहे. बाजूने माणसे जात होती, मार्गदर्शक बाई राजाची माहिती सांगत होत्या, पण जादूटोण्याची गोष्ट तिथे कुणी काढली नाही. दगडात सगळे कसे शांत दिसते.

मोकळा वेळ तासाभराचा होता. बाकीची मंडळी खरेदीला गेली. मी नकाशा घेऊन शहराच्या तटाबाहेर पूर्वेकडे चालत गेले, सेंट मार्टिनचे छोटे देऊळ पाहायला. रस्त्यात एका हिरवळीवर राजा एथलबर्ट आणि राणी बर्था यांचे काशाचे पुतळे आहेत. बर्था ही फ्रँक राजकन्या. सहाव्या शतकात ती लग्न होऊन केंटला आली. नवरा ख्रिस्ती नव्हता, पण तिने आपला धर्म आपण पाळायचा, असे लग्नाआधीच ठरले होते. येताना तिने आपला पुरोहित बरोबर आणला आणि रोमन काळातल्या या जुन्या वास्तूत ती प्रार्थना करू लागली. ५९७ साली रोमहून ऑगस्टिन धर्मप्रचाराला आला, तेव्हा त्याला आधी पाय टेकायला जागा मिळाली ती बर्थाच्या या देवळात. ६०१ साली पोपने तिला पत्र लिहून तिचा गौरव केला. इंग्रजी बोलणाऱ्या जगातले, अजून वापरात असलेले हे सर्वांत जुने ख्रिस्ती मंदिर मानतात.

भिंतीत रोमन विटा आहेत. आत तीनच माणसे होती. मी बाकावर बसले आणि मला वाटले, महामंदिराची एवढी थोर परंपरा, शंभरावर आर्चबिशप, पण दार आधी उघडले ते सासरी आलेल्या एका सुनेने. तिची अट लग्नाच्या बोलणीतच ठरलेली होती, म्हणून ती टिकली. आणि २०२५ सालच्या ऑक्टोबरात त्या परंपरेतल्या १०६व्या आर्चबिशप म्हणून सेरा मुलली यांचे नाव जाहीर झाले. या पदासाठी नेमलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्या आधी परिचारिका होत्या आणि सगळ्या इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी म्हणून त्यांनी काम केलेले आहे. बर्थाच्या देवळापासून तिथवर यायला चौदाशे वर्षांहून जास्त काळ लागला. गाडी चुकू नये म्हणून मी परतताना जवळजवळ पळतच आले.

कँटरबरीहून डोव्हर सोळा मैल. पांढऱ्या कड्यांवर किल्ला उभा आहे आणि खाली समुद्र. हवा स्वच्छ होती, पलीकडे एकवीस मैलांवर फ्रान्सचा किनारा दिसत होता. इथे मात्र मला आपल्या किल्ल्यांची आठवण झाली. खरा लढाऊ किल्ला! रोमन लोकांनी बांधलेला दीपस्तंभ आत अजून उभा आहे. मधला मोठा चौकोनी बुरूज दुसऱ्या हेन्रीने ११८०च्या दशकात बांधला. बेकेटच्या समाधीपुढे अनवाणी आलेला तोच हा राजा. भिंती काही ठिकाणी एकवीस फूट जाड आहेत. तेराव्या शतकातल्या एका बखरकाराने या किल्ल्याला इंग्लंडची किल्ली म्हटले आहे. हे ऐकले आणि मी कान टवकारले.

ही इंग्लंडची किल्ली १२६५ साली एका बाईच्या हातात होती. तिचेही नाव एलेनॉर, पण लीड्स घेणारी ती निराळी. ही राजा तिसऱ्या हेन्रीची सख्खी बहीण. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले, सोळाव्या वर्षी ती विधवा झाली. पहिल्या सासरच्या आयर्लंड-वेल्समधल्या जमिनींवर तिचा विधवेचा हिस्सा निघत होता. सासरच्यांनी त्याबदली वर्षाला चारशे पौंड देऊ केले, आणि तिच्या भावाने ते तिच्या वतीने मान्य करून टाकले. खरा हिस्सा कितीतरी जास्त होता. तिने पुढे सिमॉन द मॉन्टफोर्टशी लग्न केले, मुले झाली, पण ती आपला हिस्सा विसरली नाही. १२५८ साली इंग्लंड-फ्रान्सचा मोठा तह ठरला. त्यासाठी तिने काही वारसाहक्क सोडल्याची सही करायची होती. तिने सांगितले, आधी माझा हिशेब पुरा करा. दोन राजे खोळंबले! अखेर १२५९च्या डिसेंबरात तह पुरा झाला. पुढे सिमॉनने राजाविरुद्ध शस्त्र उचलले, त्यामागे जी अनेक कारणे होती, त्यांत बहिणीच्या बुडालेल्या हिश्श्याचे भांडणही एक होते.

१२६५च्या जूनमध्ये ती डोव्हरला आली. तिच्या त्या वर्षाच्या घरखर्चाची गुंडाळी आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. इंग्लंडातल्या खाजगी घरखर्चाच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक. रोज किती धान्य लागले, किती मद्य, किती मासळी, घोड्यांना किती चारा, पंक्तीला कोण कोण होते, सारे लिहिलेले आहे. सँडविच आणि विंचेल्सी या बंदरांतल्या नागरिकांना तिने जेवायला घातल्याची नोंद आहे. का, ते आपल्याला सांगायला नको. समुद्रावर सत्ता या बंदरांची, आणि तिला ते लोक आपल्या बाजूला हवे होते. पंक्तीत काय काम होते हे बायकांना चांगले ठाऊक असते.

४ ऑगस्टला ईव्हशॅमच्या लढाईत नवरा आणि थोरला मुलगा दोघेही पडले. तरी तिने किल्ला सोडला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत ती तटाआड उभी होती. मला नगरच्या तटावरची चांदबिबी आठवली. तिनेही किल्ला राखला तो दुसऱ्याच्या नावाने, एका लहान मुलाच्या गादीसाठी. शेवटी एलेनॉरने सख्ख्या भाच्याशी, राजपुत्र एडवर्डशी, बोलणी केली. हाच पुढे पहिला एडवर्ड झाला, बायकोसाठी बारा क्रूस उभारणारा. तिने स्वतःसाठी काही मागितले असेल-नसेल, पण आपल्या चाकरमाणसांना माफी आणि त्यांच्या जमिनी परत, हे कबूल करून घेतले आणि मगच किल्ली दिली. भावाने तिला देशाबाहेर घालवले. फ्रान्समधल्या माँतार्जीच्या मठात ती राहिली आणि १२७५ साली तिथेच वारली. खर्चाची ती गुंडाळीही त्याच मठात पुढे शेकडो वर्षे राहिली.

किल्ल्याच्या पोटात कड्यात कोरलेले बोगदे आहेत. १९४०च्या मे-जूनमध्ये डंकर्कहून ३,३८,२२६ सैनिक समुद्रमार्गे सोडवून आणले, त्या मोहिमेची सूत्रे इथून हलवली गेली. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या स्त्रीदलातल्या मुलीही या बोगद्यांत दूरध्वनीवर आणि सांकेतिक संदेशांवर काम करीत. दमट भिंतींच्या त्या खोल्यांत मार्गदर्शक बाई पहिल्यांदाच काही न बोलता उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी आई इथे होती,” आणि छत्री उचलून पुढे चालू लागल्या.

परतीच्या वाटेवर साडेनऊपर्यंत उजेड होता. बस झोपली होती. मी मनाशी ताळा करीत होते. मार्गारेटकडे किल्ली होती, किल्ला नव्हता. जोनला उत्पन्न होते, ते एका आरोपाने गेले. एलेनॉरचा हिस्सा तिला न विचारता भावाने तोडून दिला, पण तिने आपला हिशेब लिहून ठेवला आणि सही अडवून धरली. बर्थाची अट आधीच ठरलेली होती, ती टिकली. लेडी बेलीचे नाव खरेदीखतावर होते, तिचा किल्ला राहिला. हातातल्या किल्लीने मान मिळतो. हक्क मिळतो तो कागदाने.

माझ्या आत्याचे लग्न झाले तेव्हा विधवेला तहहयात भोगण्यापुरताच हक्क देणारा १९३७ सालचा कायदा होता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने तो मर्यादित हक्क पुरा मालकीचा झाला. काका वारले ते त्यानंतर. म्हणजे ज्या संध्याकाळी तिने जुडगा सोडून दिला, त्या संध्याकाळी नवऱ्याच्या हिश्श्यात तिचा कायद्याने वाटा होता. तिला ते कुणी सांगितले नाही. सांगणारे जे होते, त्यांनाच किल्ल्या हव्या होत्या. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क आपल्या महाराष्ट्रात १९९४ साली आणि सगळ्या देशात २००५ साली मिळाला. तरी आजही किती बहिणी “भावाचे मन कशाला दुखवा” म्हणून हक्कसोडपत्रावर सही करतात! ज्यांना राजीखुशीने सोडायचे आहे त्यांनी जरूर सोडावे. पण काय सोडतो आहोत ते आधी वाचावे.

भगिनींनो, गेल्या वर्षी आपल्या मंडळात वकीलबाईंचे वारसाहक्कावर व्याख्यान झाले तेव्हा वीस खुर्च्याही भरल्या नव्हत्या. त्याच महिन्यात पाककृतींच्या स्पर्धेला मात्र सतरंज्या पुरल्या नाहीत. मीही त्या व्याख्यानाला गेले नव्हते. घरी पाहुणे आहेत असे सांगितले होते, आणि पाहुणे नव्हते. तेव्हा हा उपदेश मी आधी मलाच करते आहे. इंग्लंडहून परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी कपाट उघडून आमच्या घराचे कागद बाहेर काढले. त्यावर माझे नाव नव्हते. चाळीस वर्षांत मी कधी पाहिलेच नव्हते. यजमानांना विचारले तर तेही चकित झाले. म्हणाले, “अगं, राहून गेलं!” कुणाचा वाईट हेतू नव्हता. राहून गेले होते इतकेच. आता सोसायटीकडे अर्ज दिला आहे.

मंडळाच्या कपाटाची किल्ली मी गेल्या महिन्यात नव्या चिटणीसबाईंना दिली. देताना आतल्या वस्तूंची यादी करून दोघींनी तिच्यावर सह्या केल्या. दोन सतरंज्यांसाठी कसली यादी, म्हणून सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, आणि यादीची एक प्रत इतिवृत्ताच्या वहीत चिकटवून ठेवली.